बडोद्याची देवघेव

इंदूरचा मराठी माणूस बडोद्यास जातो तो बहुधा लग्नकार्यासाठी, बारशासाठी, नाहीतर कोणाच्या तरी आजारपणाला. होळकरांच्या आणि गायकवाडांच्या राजधानीतील आपल्या लोकांच्या सोयरिकी कितीतरी पिढ्यांच्या आहेत. या जाण्यायेण्याला प्रवास म्हणण्याचीही आपल्याकडे पद्धत नाही. आम्ही तिघे मात्र २०२५ च्या जानेवारीत बडोद्यास गेलो ते वेगळ्याच कामाला. बरोबर बत्तीस किलो वजनाचा एक लोखंडी शिकंजा होता, पुस्तके शिवण्याची एक लाकडी चौकट होती, दोन रापी, चार दाभणे, सरस वितळविण्याचे तांब्याचे दुहेरी भांडे, आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात देवनागरी अक्षरांचे पितळी ठसे. रतलामच्या फलाटावर शेवेची पुडी देणाऱ्याने आमच्या गाठोड्याकडे पाहून विचारले, "क्या साहब, लोहार हो?" आम्ही "दप्तरी" असे उत्तर दिले. त्याला ते कळले नाही, आणि आता ते फारसे कोणालाच कळत नाही.

दप्तरी म्हणजे पुस्तके बांधणारा. 'दप्तर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याचे मूळ ग्रीक भाषेतील कातडे या अर्थाच्या शब्दात आहे. 'जिल्द' या अरबी शब्दाचा अर्थही कातडेच. आपली पोथी सुटी. दोन फळ्यांमध्ये ठेवून फडक्यात गुंडाळली की झाले. पाने शिवून, पुठ्ठा लावून, वर कातड्याची पाठ चढविण्याची कला आपल्या देशात मुसलमानी दरबारांतून आणि पुढे इंग्रजी छापखान्यांतून आली, आणि ती करणारे हात पुष्कळदा मुसलमान कारागिरांचे असत. आमच्या वाचनालयाचे चाचाही त्यांपैकीच.

चाचांचे दुकान इंदूरच्या खजुरी बाजारातील एका गल्लीत होते. दुकान कसले, जिन्याखालची जागा. पण आमच्या वाचनालयातील चार हजारांवर पुस्तके त्या जिन्याखाली जाऊन आलेली आहेत. चाचांना उर्दू आणि हिंदी येई, मराठी वाचता येत नसे. पुस्तकाचे नाव आम्ही चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायचे आणि त्यांनी ते, एकेक ठसा शेगडीवर तापवून, सोनेरी वर्खावरून पुस्तकाच्या पाठीवर उमटवायचे. (वर्ख कातड्याला धरावा म्हणून खाली अंड्याचा पांढरा बलक लावतात. आमच्या समितीतील एका अत्यंत सोवळ्या सभासदांनी आपली ज्ञानेश्वरी आणि दासबोध चाचांकडूनच बांधून घेतले होते. त्यांना हे कोणी कधी सांगितले नाही. ते आता हयात नसल्याने येथे लिहिण्यास हरकत नाही.)

अडचण एकाच अक्षराची होती. ठशांचा तो डबा चाचांनी एका हिंदी छापखान्याच्या माणसाकडून घेतलेला होता आणि त्यात 'ळ' नव्हता. हिंदीला तो लागत नाही. "आपका वो टेढ़ा ल इस डिब्बे में नहीं है, साहब," असे म्हणून चाचा सरळ 'ल' दाबून मोकळे होत. त्यामुळे न. चिं. केळकरांनी लिहिलेले लोकमान्य टिळकांचे तीन खंडांतील चरित्र आमच्या कपाटात 'टिलक' आणि 'केलकर' अशा सुवर्णाक्षरांनी सजून पन्नास वर्षे उभे आहे. पहिल्या पिढीने यावर विनोद केले. दुसरीला सवय झाली. तिसऱ्या पिढीतील आमची नातवंडे शाळेला 'शाला' आणि केळ्याला 'केला' म्हणू लागली, तेव्हापासून त्या पाठींकडे पाहून हसू येईनासे झाले आहे.

चाचा २०२३ साली गेले. त्यांचा मुलगा छायाप्रती काढण्याचे आणि तारेच्या वेटोळ्यांत कागद अडकविण्याचे दुकान चालवितो. दाभण त्याच्या कामाचे नाही. भंगारवाल्याने सामान काट्यावर चढविले होते, तेवढ्यात मुलाने आम्हांस निरोप पाठविला की अब्बांचे सामान तुमच्याच उपयोगाचे आहे, घेऊन जा. आम्ही हातगाडीवर घालून ते वाचनालयात आणले. सुदैवाने ते चालविणारा एक हात तयार होता. आमच्यातील धाकटी, एका सभासदांची मुलगी, अखेरची दोन वर्षे चाचांकडे जाऊन शिवण शिकली होती. तेव्हा शिकंजे दोन झाले, कारण वाचनालयाचा एक होताच. चौकटीही दोन झाल्या. पण कापड संपलेले, मेणाचा दोरा संपलेला, आणि 'ळ' नाहीच.

अशा वेळी एका बडोदेकर आप्तांनी कळविले की दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्यात, उत्तरायणाच्या आधीच्या रविवारी, पुस्तकबांधणीच्या अवजारांची आणि सामानाची देवघेव होते. पैशाचा व्यवहार नाही. ज्याच्याकडे जे जास्त असेल ते त्याने आणावे, जे नसेल ते न्यावे.

आम्ही दोन दिवस आधीच पोहोचलो. शुक्रवारी मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय पाहिले. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांनी बडोद्यास पुढच्या लग्नाला जाल तेव्हा तासभर काढावा. पुस्तकांच्या मजल्यांवर पायाखाली जाड काचेच्या लाद्या आहेत, एका मजल्यावरचा उजेड दुसऱ्या मजल्यावर उतरावा म्हणून. पोलादी मांडण्या अमेरिकन बनावटीच्या आहेत. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले आणि शिकलेल्या माणसाला वाचावयास पुस्तक हवे म्हणून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले. बॉर्डन तीन वर्षे बडोद्यात होते. तेवढ्या काळात राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्याची योजना उभी राहिली आणि लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी फिरू लागली. हा इतिहास आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो आणि तो तसा आहेच. पण इतकी पुस्तके इतक्या हातांतून, बैलगाडीतून आणि आगगाडीतून फिरावयाची म्हणजे ती फाटणार, आणि फाटली की कोणीतरी ती शिवणार. त्या माणसांचा उल्लेख आम्हांस कोणत्याही भाषणात ऐकावयास मिळालेला नाही.

उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात बडोदे दोऱ्याचे गाव होते. रस्त्याकडेला बांबू रोवून त्यांच्यामधून मैलोगणती दोरा ताणलेला, त्यावर खळीचा आणि काचेचा गुलाबी लगदा चढविणारे कारागीर, त्यांच्या बोटांना बांधलेल्या चिंध्या. आमची धाकटी तेथे बराच वेळ उभी राहिली. दप्तरीही दोऱ्याला लेप देतो, पण मेणाचा. कापण्यासाठी नव्हे, कागद कापला जाऊ नये म्हणून.

रविवार, १२ जानेवारी. वाड्याच्या चौकात सकाळी नऊ वाजता चाळीसएक माणसे होती. तुळशीवृंदावनाच्या भोवती चादरी अंथरलेल्या, प्रत्येक चादरीवर आपापले सामान, आणि पुढे दोन चिठ्ठ्या: एक 'देणे', दुसरी 'घेणे'. चिठ्ठ्या मराठीत होत्या, गुजरातीत होत्या, हिंदीत होत्या. दोन-तीन तर नुसती चित्रे होती. व्यवस्था पाहणाऱ्या बाईंना सारे 'बेन' म्हणत, त्या बोलत मात्र आमच्यासारखेच मराठी. येथे एकच नियम कडक आहे. वस्तू मागणाऱ्याने ती चालवून दाखवावयाची, आणि देणाऱ्याने ती कशासाठी वापरली जात होती ते सांगावयाचे. बाकी भाव-तोल कोणी करीत नाही. एका शिकंज्याच्या बदल्यात एक सुई गेली तरी चालते, सुई खरी हवी असली म्हणजे झाले.

या नियमाची गंमत लवकरच दिसली. एक सुटाबुटातील गृहस्थ आमच्या लोखंडी शिकंज्याकडे आले. नव्या उपाहारगृहाच्या दर्शनी भागात, पितळी दिव्याशेजारी, तो शोभेल असे त्यांचे म्हणणे होते आणि खिशातून पाकीटही निघाले होते. "अहीं पैसा नथी चालता, भाई," बेन म्हणाल्या, आणि एक फाटके क्रमिक पुस्तक त्यांच्या हाती देऊन शिकंज्यात बसवून दाखवा असे हसतमुखाने सांगितले. गृहस्थांनी चाक उलट्या बाजूस फिरविले. मग स्वतःच हसले, चहा घेतला आणि गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वस्तू देखणी आहेच. हा शिकंजा मुळात पुस्तकांसाठी घडविलेला नव्हता. जेम्स वॉटने, वाफेच्या इंजिनाच्या त्याच वॉटने, १७८० साली पत्रांच्या नकला काढण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले होते. विशिष्ट शाईने पत्र लिहावयाचे, त्यावर ओलसर पातळ कागद ठेवून दाब द्यावयाचा, की नक्कल तयार. पेढ्यांतून, कचेऱ्यांतून असे दाब शंभर-सव्वाशे वर्षे चालले. टंकलेखन यंत्र आणि कार्बन कागद आले तेव्हा ते अडगळीत गेले आणि तेथून दप्तऱ्यांनी उचलले. म्हणजे आमच्या शिकंज्याने एकदा भंगार होण्याचा प्रसंग निभावलेलाच होता.

तो मागावयास अखेर आले भरूचचे एक गृहस्थ, व्यवसायाने चोपडे बांधणारे. गुजराती व्यापाऱ्याचा चोपडा आपण दिवाळीच्या पूजनात पाहतो: लांबट, लाल कापडाचा, पांढऱ्या दोऱ्याच्या टाक्यांनी शिवलेला. हिशेब संगणकावर गेले तरी पूजेला चोपडा लागतो, म्हणून त्यांचा धंदा वर्षातून दोन महिने जोरात आणि दहा महिने मंद असतो. त्यांचा जुना लाकडी शिकंजा वाळवीने खाल्ला होता. त्यांनी आमच्या चाकाला दोन बोटांनी फिरवून पाहिले, खाली वाकून स्क्रूच्या आट्यांवरून नख ओढले, आणि पाच मिनिटांत त्या फाटक्या क्रमिक पुस्तकाच्या पाठीला सरस लावून, फळ्यांमध्ये नेमके बसवून, असे आवळले की पाहणाऱ्यांनी माना डोलावल्या. बदल्यात त्यांनी लाल खारव्याचा एक पुरा तागा आणि मेण लावलेल्या दोऱ्याची सहा रिळे दिली. आम्हांस वाटले होते की शिकंजा जाताना वाईट वाटेल. तसे काही झाले नाही.

इतर चादरींवर काय काय होते ते सारे लिहू म्हटले तर हा अंक पुरणार नाही. खंबायतचा अकीक होता: लाकडी मुठीत बसविलेला, दात्यासारखा वाकडा, गुळगुळीत दगड. त्याने कागद घोटतात. आपल्या जुन्या दप्तरांतील घोटीव कागदाची चकाकी असल्याच दगडाची. ललितकला विभागाचे तीन विद्यार्थी अबरीचा कागद करून दाखवीत होते. 'अब्र' म्हणजे ढग. मेथ्यांच्या बुळबुळीत पाण्यावर रंगाचे थेंब सोडावयाचे, काडीने ओढावयाचे, आणि तुरटीच्या पाण्यातून काढून वाळविलेला कागद वरून अलगद टेकवावयाचा. ढग कागदावर येतात. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी या अबरीतून घोडे आणि फकीर काढले. आमच्या जुन्या पुस्तकांच्या आतल्या अस्तराला तीच नक्षी असते, फक्त ती कोठून आली याचा आपण विचार करीत नाही. त्या मुलांना चौकट हवी होती. आमची दुसरी चौकट त्यांना गेली आणि अबरीचे बारा ताव आमच्याकडे आले.

अहमदाबादहून आलेल्या एका बाईंच्या चादरीवर कापडांचे तुकडे, जुन्या इंग्रजी कात्र्या आणि हस्तिदंती रंगाच्या हाडाच्या पट्ट्या होत्या. हे सारे त्या साबरमतीच्या काठी भरणाऱ्या गुजरी बाजारातून गोळा करतात. तो बाजार सुलतान अहमदशहाच्या काळापासूनचा असे सांगतात. १९५४ पासून तो एलिस पुलाखाली भरू लागला आणि नदीकाठ नव्याने बांधला गेल्यावर २०१४ साली शेजारीच आखून दिलेल्या जागेत गेला. बाईंचे म्हणणे असे की छापखाने बंद पडतात त्याच्या दुसऱ्या रविवारी त्यांचे सामान तेथे येते आणि तिसऱ्या रविवारी वितळविण्यास जाते. मधला एक रविवार त्यांचा.

आम्ही 'घेणे' या चिठ्ठीवर पहिल्याच ओळीत 'ळ' लिहिला होता. पुष्कळ जण येऊन वाचून जात. गुजरातीत ळ आहे, त्यामुळे गुजराती ठसे दोघांकडे निघाले; पण त्यांना शिरोरेघ नाही आणि घाटही निराळा. एका विद्यार्थ्याने 'ल' चे दोन ठसे जोडून काही जमते का ते कागदावर काढून पाहिले. जमले नाही.

साडेअकराच्या सुमारास बेन एका वृद्ध गृहस्थांना हात धरून घेऊन आल्या. सगळे त्यांना अण्णा म्हणत. छापखान्याच्या बांधणी खात्यात त्यांची पस्तीस वर्षे गेली होती. दृष्टी आता अधू, पण बोटे डोळ्यांच्या जागी काम करीत. नमुना म्हणून आम्ही टिळक चरित्राचा पहिला खंड बरोबर आणला होता. तो त्यांच्या हाती दिला. त्यांनी पाठ डोळ्यांजवळ नेली आणि मोठ्याने वाचले, "टिलक." आजूबाजूला हशा पिकला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मधोमध उघडून चादरीवर ठेवले आणि हात काढून घेतला. पुस्तक तसेच उघडे राहिले.

"शिवण कोणाची?" त्यांनी विचारले. आम्ही चाचांविषयी सांगितले. वाचनालयाच्या नोंदवहीप्रमाणे बांधणी १९७४ सालची. "हात चांगला होता," अण्णा म्हणाले, आणि पुढची वीस मिनिटे त्यांनी जे सांगितले ते आम्हांस सर्व वाचनालयांच्या चालकांच्या कानी घालावेसे वाटते.

छापील पुस्तक हे घड्या घातलेल्या कागदांच्या जुड्यांचे बनलेले असते. प्रत्येक जुडीच्या घडीतून दोरा जावा आणि तो शेजारच्या जुडीशी गुंतावा, ही जुजबंदी शिवण. तिने शिवलेले पुस्तक उघडते आणि उघडे राहते. पण पुस्तक एकदा सैल झाले की वाचनालये ते स्वस्तात दुरुस्त करून मागतात, आणि मग बहुतेक बांधणारे काय करतात? घडीची बाजू यंत्राखाली कापून टाकतात, सुट्या झालेल्या पानांना कडेने आरपार भोके पाडतात आणि दोरा आवळतात. वरून कापड, वर सोनेरी नाव. पुस्तक भक्कम दिसते. पण ते पुरते उघडत नाही, आतला समास गिळला जातो, आणि वाचक दोन्ही हातांनी ते फाकवू लागला की पाने शिवणीजवळ तुटतात. पुन्हा बांधावयास दिले की पुन्हा कापले जाते. तिसऱ्या खेपेस अक्षरेच कापली जातात. "उघडे राहिले तर बांधलेले, मिटले तर नुसते आवळलेले," अण्णा म्हणाले. आम्ही मनात आमच्या कपाटांवरून नजर फिरविली. चाचांच्या मागच्या काळात बाहेर दिलेली साठ-सत्तर पुस्तके तशीच आवळलेली आहेत, आणि ती तशी आवळणाऱ्यास मराठी उत्तम येते.

कागदाचे दुखणे शिवणीहून मोठे. अण्णांनी खंडाच्या एका पानाचा कोपरा हलकेच दुमडला, उलगडला, पुन्हा दुमडला आणि थांबले. १९२० ते १९६० या काळातील आपली कितीतरी पुस्तके लाकडाच्या लगद्याच्या कागदावर, तुरटी-राळेची खळ दिलेल्या, छापलेली आहेत. त्या कागदात आम्ल तयार होते आणि ते तंतू खाते. जुन्नर-दौलताबादचा हातकागद, चिंध्यांपासून केलेला, दोन-अडीचशे वर्षांनंतरही मऊ राहतो. पेशवाईतील पत्र आज खुशाल उलगडता येते आणि आपल्या आजोबांनी घेतलेली कादंबरी हातात मोडते. असल्या पुस्तकांना ताठ पाठ चालत नाही, कापणी तर मुळीच नाही. त्यांना मऊ शिवण, पातळ खळ, आणि शिवणाऱ्याचा वेळ लागतो. खळीत चिमूटभर मोरचूद घालावे, किडे लागत नाहीत, हे चाचाही सांगत असत.

मग अण्णांनी आपली पेटी उघडावयास सांगितली. ती त्यांनी छापखाना सोडताना मिळविली होती आणि ती मराठी कामासाठीच करविलेली होती. तीत 'ळ' दोन होते, एकाच मापाचे. आमच्या डब्यातील 'ट' शेजारी धरून पाहिला. उंची जुळली, जाडी थोडी निराळी. चालण्यासारखी.

नियमाप्रमाणे चालवून दाखविणे आले. शेगडी होतीच. आमच्या धाकटीने कातड्याच्या तुकड्यावर बलक लावला, वाळू दिला, वर्ख ठेवला, ठसा तापवून ओल्या फडक्यावर टेकविला, चर्र आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली आणि दाबला. अण्णा वाकून ऐकत होते, पाहत नव्हते. उमटलेल्या अक्षरावर त्यांनी बोट फिरविले. "बदल्यात काय देता?" ते म्हणाले. आम्ही तांब्याचे भांडे पुढे केले, रापी पुढे केल्या. त्यांनी मान हलविली. "मला आता शिवायचे नाही. ती पट्टी कोणाची?"

धाकटीच्या हातात चाचांची हाडाची पट्टी होती. कागदाची घडी दाबावयास दप्तऱ्याच्या हाती दिवसभर असते ती हीच. चाळीस वर्षांच्या घर्षणाने एका बाजूस चाचांच्या अंगठ्याचा खळगा पडलेला होता. आम्ही दोघे वडीलधारे गप्प राहिलो. पट्टी वाचनालयाच्या यादीत होती, तरी ती आमची नव्हती हे आम्हांस ठाऊक होते. ती म्हणाली, "अण्णा, ही दिली तर घड्या कशाने घालू?" अण्णांनी आपल्या खिशातून दुसरी पट्टी काढली, कोरी, कडा अजून धारदार. "ही तू झिजव, बाळ," ते म्हणाले.

तिने पट्टी दिली. अण्णांनी आपला अंगठा त्या खळग्यात ठेवून पाहिला. बसला नाही, चाचांचा हात मोठा होता. तरी त्यांनी ती खिशात ठेवली आणि 'ळ' तिच्या तळहातावर.

जेवणे वाड्यातच झाली, शेव-उसळ आणि जिलबी. शेव-उसळीवर बडोदेकर मराठी आणि गुजराती दोघेही हक्क सांगतात. आम्ही पाहुणे असल्याने मत दिले नाही. पाहुण्यांत सुरतेचे होते, नवसारीचे होते, एक जण पार हैदराबादेहून आले होते, तेही एका मराठी वाचनालयाचेच. त्यांचीही रड तीच: पुस्तके आहेत, वाचक थोडे का होईना आहेत, शिवणारा नाही. पानाच्या वेळी कोणीतरी आठवण काढली की १९२१ साली बडोद्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष न. चिं. केळकरच होते. म्हणजे ग्रंथकार या गावास शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेले होते. त्यांच्या नावातील अक्षर तेवढे आम्ही आता नेत होतो.

निघताना एक प्रश्न मात्र आम्ही अण्णांना विचारून घेतला. पहिल्या खंडाची पाठ आता नव्याने चढवावी काय? त्यांनी ठाम नकार दिला. शिवण शाबूत आहे, तिला हात लावू नका; पाठीवरचा नावापुरता तुकडा रापीने उचला, त्या जागी पातळ कातड्याची नवी पट्टी बसवा. "आणि उचललेला तुकडा टाकू नका," ते म्हणाले. "मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवा. काम कोणाचे ते कळायला हवे."

एप्रिलमध्ये धाकटीने ते केले. बकऱ्याचे कातडे, बाभळीच्या सालीत कमावलेले, तिने मागविले होते. रसायनात कमावलेल्या कातड्यावर ठसा नीट बसत नाही. 'टिळक' एका पट्टीवर, 'केळकर' दुसरीवर. 'ळ' किंचित ठसठशीत दिसतो, शेजारच्या अक्षरांहून. वाचनालयात येणाऱ्या लहान मुलांना तो दाखवावा लागत नाही, ती आपणच बोट ठेवतात. चाचांचा मुलगा एका संध्याकाळी येऊन पाहून गेला. त्याने पुस्तक उलटे करून मागचा पुठ्ठा उघडला आणि आतील सोनेरी 'टिलक' बराच वेळ पाहिला. खाली धाकटीने बारीक अक्षरांत चाचांचे नाव आणि १९७४ हे साल लिहिले आहे.

दुसरा खंड सध्या शिकंज्यात आहे. तिसऱ्याच्या कातड्याचा हाताला लाल भुगा लागतो; त्याला मात्र पुरी नवी पाठ लागेल, आणि ती भरूचच्या खारव्याची करावी की कातड्याची, यावर आमच्या समितीत दोन मते आहेत.